तांदळात उरते ते काय? बुरशीनाशक आणि खत यांच्या अवशेषांचा हिशेब

दुकानात तांदूळ पारखताना ‘यावर किती खते-औषधे मारली असतील कोण जाणे’ असे वाक्य हमखास ऐकू येते. खत आणि औषध ही जोडी बोलण्यात इतकी रुळली आहे की दोन्ही दाण्यात सारख्याच रीतीने उरत असतील, असे आपण गृहीत धरतो. बुरशीनाशकाचा अंश दाण्यात त्याच्या मूळ रूपात सापडू शकतो, युरियाचा मात्र सापडत नाही. आणि तरीही दाण्यात बुरशीनाशक किती सापडेल, हे बऱ्याच अंशी शेतात युरिया किती पडला यावर अवलंबून असते. हा गुंता उलगडायचा, तर सुरुवात बासमतीपासून करणे सोयीचे आहे.

भातावरील करपा रोगासाठी भारतात वर्षानुवर्षे वापरले जाणारे एक आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारे, बुरशीनाशक म्हणजे ट्रायसायक्लॅझोल. युरोपीय संघात तांदळातील त्याच्या अवशेषाची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम होती. २०१७मध्ये ती ०.०१ मिलिग्रॅमवर, म्हणजे एकदम शंभरपट खाली आणण्यात आली आणि बासमतीलाही ती २०१८च्या उंबरठ्यावर लागू झाली. युरोपात या औषधाच्या मंजुरीचा अर्ज आधीच नामंजूर झाला होता, कारण त्याच्या सुरक्षिततेविषयीच्या काही शंका दूर करण्यास सादर झालेली माहिती पुरेशी ठरली नव्हती. पंजाब-हरियाणातला तोच तांदूळ, त्याच शेतातला, त्याच फवारणीचा, आदल्या वर्षी चालत होता आणि पुढच्या वर्षी अडू लागला. द्राक्षांच्या निमित्ताने ‘रेसिड्यू’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघर पोहोचला होताच. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’च्या अंशामुळे युरोपात द्राक्षे अडकली, तेव्हा बसलेला धक्का नाशिक-सांगलीचे लोक अजून विसरलेले नाहीत.

०.०१ मिलिग्रॅम म्हणजे किती? शंभर टन तांदळात एक ग्रॅम. दहा टनांचा ट्रक भरून तांदूळ घेतला, तर त्यात विखुरलेले सगळे औषध मिळून एका ग्रॅमचा दहावा भाग भरेल. इतकी लहान संख्या कोठून आली, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. ज्या औषधाला आपल्याकडे परवानगी नाही, किंवा ज्याची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोप आणि जपान सरसकट हीच मर्यादा लावतात, कारण प्रयोगशाळेतील नेहमीची यंत्रे साधारण इतका अंश खात्रीने मोजू शकतात. ‘औषध नकोच’ असे कायद्याला म्हणायचे असते, परंतु शून्य मोजता येत नाही. म्हणून मोजता येईल अशा सर्वांत लहान संख्येला शून्याच्या जागी बसवलेले असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण वर्तमानपत्री मथळे तो नेमाने वाढवतात. कमाल अवशेष मर्यादा ही विषाची रेषा नसते. ज्या औषधाला परवानगी असते, त्याची लेबलावर सांगितल्याप्रमाणे, सांगितल्या मात्रेत आणि सांगितल्या दिवशी फवारणी केली, तर काढणीच्या वेळी जास्तीत जास्त किती अंश उरेल, हे चाचणी-शेतांत मोजून ही मर्यादा काढतात. म्हणजे ती मुळात शेतकऱ्याच्या शिस्तीचे माप आहे. आरोग्याचे माप वेगळे असते. प्राण्यांवरील दीर्घ चाचण्यांमध्ये ज्या मात्रेपर्यंत काहीही अपाय दिसला नाही ती मात्रा घ्यायची, तिला साधारणपणे शंभराने भागायचे, आणि आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी दैनिक मर्यादा ठरवायची. ही मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे सांगतात. समजा तांदळात किलोमागे १ मिलिग्रॅम अवशेष आहे आणि साठ किलो वजनाचा माणूस दिवसाला तीनशे ग्रॅम तांदूळ खातो. त्याच्या पोटात ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम औषध जाईल. बारा किलोच्या मुलाने १२० ग्रॅम तांदूळ खाल्ला, तर हाच आकडा ०.०१ होतो, म्हणजे दुप्पट. आकार लहान आणि भूक मोठी, म्हणून हिशेब नेहमी मुलांच्या बाजूने तपासावा लागतो. निघालेला आकडा त्या औषधाच्या दैनिक मर्यादेशी ताडून पाहिल्यावरच धोका किती, हे सांगता येते. त्यामुळे ‘मर्यादेच्या तिप्पट अवशेष’ या शब्दांवरून खाणाऱ्याला विषबाधा होईल असे ठरत नाही. शेतात काहीतरी सांगितल्याप्रमाणे झाले नाही, किंवा विकणाऱ्या देशाचा नियम घेणाऱ्या देशाहून वेगळा आहे, इतकेच कळते. अर्थात याचा उलटा अर्थ काढून निर्धास्त होणेही बरोबर नाही, कारण एका दाण्यात चार-पाच औषधांचे थोडेथोडे अंश असू शकतात आणि मर्यादा मात्र प्रत्येकाची स्वतंत्र तपासली जाते.

आता मूळ प्रश्न असा, की हे औषध मारावे का लागते? करप्याची बुरशी हा निसर्गातील एक विलक्षण कारागीर आहे. तिचा डोळ्यांना न दिसणारा बीजाणू वाऱ्याबरोबर येऊन पानावर पडतो आणि दव किंवा पावसाचे पाणी काही तास टिकले, की रुजतो. रुजल्यावर तो पानाच्या पृष्ठभागावर घुमटासारखी एक पेशी तयार करतो. या घुमटात दाब वाढत वाढत वातावरणाच्या दाबाच्या ऐंशीपटीपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या चाकातील दाबाच्या सुमारे चाळीसपट. त्या जोरावर बुरशी एक बारीक खुंटी पानाच्या कडक आवरणातून आत ठोकते. इतका दाब घुमटाला सोसतो तो त्याच्या भिंतीला आतून असलेल्या काळ्या मेलॅनिनच्या थरामुळे. ट्रायसायक्लॅझोल नेमका हा थर तयार होऊ देत नाही. बुरशी मरत नाही, परंतु तिचा घुमट गळका राहतो, दाब चढत नाही आणि खुंटी आत जात नाही.

या कारागिरीतून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि ती सांगण्यासाठीच एवढे विस्ताराने लिहिले. हे औषध बुरशीला दाराबाहेर रोखते. ती घरात शिरल्यावर त्याचा फारसा उपयोग नसतो. पानावर मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असे होडीच्या आकाराचे ठिपके सर्वत्र दिसू लागल्यावर घाबरून केलेली दुसरी, तिसरी फवारणी रोगाला कमी आणि अवशेषाला जास्त उपयोगी पडते. त्यातही मानमोडी हा प्रकार सर्वांत क्रूर. लोंबीच्या मानेवर बुरशी बसली, की दाणा भरण्याआधीच मान काळी पडून मोडते आणि उभे पीक पळीज, म्हणजे पोकळ दाण्यांचे, होते. ते टाळण्यासाठी भात पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना, आणि निसवण्याच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या, सुमारास फवारतात. निसवल्यापासून कापणीपर्यंत महिना-सव्वा महिनाच उरलेला असतो. भारतातील लेबलानुसार भातावर ट्रायसायक्लॅझोलची शेवटची फवारणी आणि कापणी यांमध्ये ३० दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणजे निसवताना केलेली फवारणी मुदतीच्या काठावर असते आणि दाणे भरताना केलेली नक्कीच मुदतीच्या आत जाते.

मुदत पाळली तरी काय होते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. पानावरचे औषध ऊन, पाऊस आणि वनस्पतीतील रासायनिक क्रिया यांमुळे कमी होत जाते, परंतु दररोज ठरावीक वजनाने कमी होत नाही. ठरावीक काळात निम्मे होते, पुन्हा तितक्याच काळात उरलेल्याचे निम्मे, असे ते घटत जाते. समजा सहा दिवसांत निम्मे होते आणि सुरुवातीला दाण्यात किलोमागे १ मिलिग्रॅम आहे. तीस दिवसांत पाच वेळा निम्मे झाल्यावर बत्तिसावा हिस्सा, म्हणजे ०.०३ मिलिग्रॅम उरेल. जुन्या युरोपीय मर्यादेत हा तांदूळ अगदी सहज बसला असता. नव्या मर्यादेच्या तो तिप्पट भरतो. शेतकऱ्याने लेबल अक्षरशः पाळले आणि तरी माल अडला, असे का घडते, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे. शेतकऱ्याला बेजबाबदार ठरवून मोकळे होणाऱ्यांनी तो एकदा करून पाहावा.

भाताच्या झाडात हे औषध सगळीकडे सारखे नसते. सर्वांत जास्त ते पानांत आणि पेंढ्यात असते, कारण फवारा तेथेच बसतो आणि आंतरप्रवाही औषध मुळाकडून शेंड्याकडे पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढत पानांत साठते. त्यानंतर तूस, मग कोंडा आणि सर्वांत कमी पांढऱ्या दाण्यात. म्हणून भरडताना आणि पॉलिश करताना अवशेष बराच घटतो. ज्यांनी आरोग्यासाठी हातसडीचा तांदूळ सुरू केला आहे, त्यांना ही माहिती आवडणार नाही. परंतु कोंड्याबरोबर जीवनसत्त्वे आणि तंतू येतात, तसे कोंड्यात अडकलेले अंशही येतात, त्यामुळे असा तांदूळ कोणाकडून आणि कोणत्या शेतातला घ्यायचा, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. पेंढ्याचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. दाण्यासाठी एवढी तपासणी होते, आणि सर्वांत जास्त अवशेष असलेला भाग वर्षभर गाई-म्हशींच्या पुढ्यात पडतो.

घरी तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुतल्याने पृष्ठभागावरचा काही भाग जातो. भरपूर पाण्यात शिजवून वेळलेल्या भातात पाण्यात विरघळणारे अंश आणखी कमी होतात. कुकरमध्ये मात्र जे घातले ते सगळे भातातच राहते. वेळल्याने काही जीवनसत्त्वेही जातात, हा त्याचा तोटा. कोकणात ती पेज टाकून न देता पितात, तेव्हा वेळण्याचा हा फायदा तेथे अर्थातच मिळत नाही.

आता खताकडे वळू. युरिया शेतात पडला, की जमिनीतील जिवाणूंच्या विकरामुळे काही दिवसांत त्याचे अमोनियम होते. पाणी साचलेल्या खाचरात भाताची मुळे नत्र मुख्यतः याच रूपात घेतात आणि त्यापासून अमिनो आम्ले व प्रथिने तयार करतात. दाण्यात पोहोचतो तो नत्र प्रथिनाच्या रूपात, म्हणजे अन्न म्हणूनच. पालकासारख्या पालेभाजीत जास्तीचे नायट्रेट साठू शकते. भाताच्या दाण्यात तसे होत नाही. ‘युरियाचा भात खाल्ल्याने पोटात युरिया जातो’ ही समजूत म्हणूनच निराधार आहे. परंतु टाकलेल्या नत्रापैकी पिकाच्या हाती साधारण तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के लागतो. उरलेला अमोनिया होऊन उडतो, जिवाणूंच्या क्रियेने वायुरूपात जातो किंवा वाहून-झिरपून पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तेव्हा नत्राचा अवशेष शोधायचा असेल, तर तांदळाच्या गोणीत न शोधता विहिरीच्या बादलीत शोधावा.

आणि येथे दोन्ही धागे एकत्र येतात. जास्त नत्र मिळालेले भात गर्द हिरवे, लुसलुशीत आणि दाट होते. पाहणाऱ्याला ते जोमदार वाटते, बुरशीला ते मेजवानीसारखे असते. पाने मऊ आणि पातळ भिंतींची होतात, त्यांच्या रसात बुरशीला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये मुबलक असतात, फुटवे दाटल्याने आत वारा खेळत नाही आणि सकाळचे दव उशिरापर्यंत सुकत नाही. बीजाणूला रुजायला ओल हवी असते, ती अशा दाटीत आपोआप मिळते. शिवाय पेशींच्या भिंतींना ताठपणा देणारी सिलिका अशा पानांत तुलनेने कमी पडते. यामुळे युरियाचा जादा हात फिरवलेल्या शेतात करपा आधी येतो, फवारण्या वाढतात, शेवटची फवारणी कापणीच्या जवळ सरकते आणि प्रयोगशाळेत ट्रायसायक्लॅझोलचा आकडा चढतो. अहवालात त्या युरियाचा उल्लेख कोठेही नसतो. युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना आणि नत्र व स्फुरद दोन्ही देणाऱ्या डीएपी खताची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना मिळत असताना शेतकऱ्याचा हात कोणत्या गोणीकडे जाईल, हे सांगायला कृषितज्ज्ञ लागत नाही. अनुदानाच्या धोरणाची अशी लांबून पडणारी सावली बुरशीनाशकाच्या आकड्यात दिसते, असे माझे मत आहे.

खताचा खरा, दाण्यापर्यंत पोहोचू शकणारा अवशेष एकच, आणि तो स्फुरदयुक्त (फॉस्फेटच्या) खतांतून येतो. ही खते ज्या खडकापासून बनतात, त्यात कॅडमियम हा जड धातू कमी-अधिक प्रमाणात असतो. तो खतात उतरतो, जमिनीत दशकानुदशके हळूहळू साठतो आणि औषधासारखा विघटन पावत नाही. ठरावीक काळात निम्मे होण्याचा वरचा हिशेब धातूला लागू होत नाही. युरोपने २०२२पासून अशा खतांत स्फुरदाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली आहे, तर पॉलिश केलेल्या तांदळासाठी आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादा किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आहे. कॅडमियमयुक्त तांदळाने काय होते, ते जपानच्या तोयामा भागात जगाने पाहिले. जिंझू नदीकाठच्या लोकांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली; वेदनेच्या आक्रोशावरून त्या आजाराला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे नाव पडले आणि १९६८मध्ये जपान सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. तो कॅडमियम खाणीच्या सांडपाण्यातून आला होता, खतातून नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खतातून येणारा वाटा त्या मानाने फार लहान आणि संथ असतो. गंमत अशी, की खाचरात पाणी साचलेले असताना कॅडमियम गंधकाशी बांधला जाऊन मुळांच्या हाती लागत नाही, आणि पाणी काढून टाकले की तो मोकळा होतो. आर्सेनिकचे वागणे नेमके याच्या उलट असते. ते साचलेल्या पाण्यात सुटते. त्यामुळे पाणी वाचवण्यासाठी खाचर आलटून-पालटून कोरडे ठेवण्याचा सल्ला आर्सेनिकच्या बाबतीत दिलासा देतो आणि कॅडमियमच्या बाबतीत जपून पाळावा लागतो. आम्ल जमिनीत कॅडमियम अधिक सहज उचलला जातो, ही गोष्टही माती परीक्षणाच्या वेळी लक्षात ठेवावी.

उपायांपैकी बंदीचा उपाय सर्वांना पटकन सुचतो. २०२२मध्ये पंजाबने बासमतीसाठी ट्रायसायक्लॅझोल, कार्बेन्डाझिम, प्रोपिकोनॅझोल यांच्यासह दहा औषधांची विक्री आणि वापर ६० दिवसांसाठी थांबवला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तशीच बंदी घातली. हे साठ दिवस म्हणजे पोटरी ते कापणी हाच काळ; वर सांगितलेला भागाकार समजला, की ही मुदत का निवडली तेही समजते. बंदी बासमतीपुरती होती, म्हणजे जहाजात चढणाऱ्या तांदळापुरती. देशात शिजणाऱ्या साध्या तांदळासाठी तितकी तत्परता दिसली नाही, हे खटकते.

यापेक्षा खोलवर जाणारे काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने केले आहे. पुसा बासमती १५०९, ११२१ आणि ६ या लोकप्रिय परंतु रोगाला बळी पडणाऱ्या वाणांत करपा आणि जिवाणूजन्य करपा यांना रोखणारी जनुके संकराने आणून १८४७, १८८५ आणि १८८६ हे वाण २०२१मध्ये प्रसारित झाले. पीकच रोगाला दाद देत नसेल, तर फवारणीचा, मुदतीचा आणि प्रयोगशाळेचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. मात्र बुरशी बदलत राहते, म्हणून जनुकेही बदलत राहावी लागतात.

महाराष्ट्रात याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे युरियाच्या टोकाला, हात घालणारी पद्धत फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या मातीत मिसळतात, त्यामुळे रोपाला सिलिका मिळून पाने ताठ होतात. गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलात गाडतात. लावणी १५ आणि २५ सेंटिमीटरच्या जोडओळींत करतात. आणि चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. खोल गाडलेला नत्र उडत नाही, वाहत नाही आणि एकदम न मिळता हळूहळू मिळत राहतो, म्हणून भात माजत नाही. ही पद्धत कोकणातल्या आणि मावळातल्या प्रत्येक खाचरात दिसायला हवी होती. परंतु एका हेक्टरला अशा ६२,५०० गोळ्या वाकून हाताने खोचाव्या लागतात, आणि लावणीच्या दिवसांत गावात माणसे मिळत नाहीत; युरियाची गोणी मात्र एकटा माणूस बांधावरून चालत तासाभरात फेकून घरी येतो.